पुलापलीकडचं बाक

तिसऱ्यांदाही बग परत आला. खाली तोच शेरा, ‘डिझाइननुसार आहे. बंद.’

मी चहा बाजूला सारला आणि चौथ्यांदा लिहायला घेतलं. बग म्हणजे गेममधल्या खोटीची लेखी तक्रार, आणि आमच्याकडे ती लिहायची रीत ठरलेली आहे. ठिकाण: पूर्वेकडचा पूल, पलीकडचं टोक. काय केलं: पूल ओलांडून डावीकडे वळले. काय असायला हवं: एक लाकडी बाक. काय आहे: बाक नाही. किती वेळा तपासलं: दहा. खरा आकडा लिहिला असता तर त्यांनी मला सक्तीची विश्रांती दिली असती.

बग गेला आणि दोनच मिनिटांत काचेच्या खोलीतून लीडची हाक आली. “ताई, जरा येता का?”

लीड म्हणजे आमच्या गेमच्या या सहाव्या भागाचा प्रमुख. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं नीटनेटकं लागतं.

“ताई, जी वस्तू आपण ठेवलीच नाही, ती दिसत नाही म्हणून बग कसा टाकता येईल?”

“पाच भागांत होती, सहाव्यात नाही. म्हणजे हरवली. हरवली तर बगच की!”

“कथा शंभर वर्षं पुढे गेलीय. पूलसुद्धा नवा आहे. बाक कुठून राहील?”

“आणि ती एकशिंगी बकरी? ती बरी राहिली शंभर वर्षं!”

त्याला हसू आवरेना. “बकरी यादीत आहे, ताई.”

ही यादी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचा गेम हा एका मोठ्या मुलुखात हिंडायचा खेळ. खेळणारा वाटसरू होतो, गावोगाव फिरतो, कुणाचं हरवलेलं शोधून देतो, कुणाशी दोन हात करतो आणि हळूहळू मोठा होतो. जुन्या खेळणाऱ्यांना खरी गोडी असते ती मागच्या भागातल्या खुणा पुढच्या भागात सापडण्याची. पहिल्या भागात वाटसरूची तलवार मोडते. तिसऱ्यात तोच तुकडा एका शेतातल्या बुजगावण्याच्या हाताला बांधलेला दिसतो. दुसऱ्या भागात पाव चोरणारी पोर पाचव्यात स्वतः बेकरी चालवते आणि रोज एक पाव दुकानाच्या पायरीवर ठेवून देते. कुणी काही सांगत नाही. दिसलं त्याला दिसलं. असल्या गोष्टींवर लोक जीव टाकतात. या वेळी वरच्यांनी खेळणाऱ्यांची मतं मागवून बारा खुणा ठरवल्या आणि यादी भिंतीवर लावली. बाकाला मतं पडली तीन. त्यातलं एक माझं.

“नवी वस्तू ठेवायला जागाच नाही तिथं,” लीड म्हणाला. “पुलाच्या अलीकडे बाजार, त्यात ही गर्दी. जुन्या मशीनवर गेम अडखळतो. तुम्हीच तर बग टाकलात महिन्यापूर्वी.”

टाकला होता खरा. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

“शुक्रवारी गेमला कुलूप लागतंय. त्यानंतर कुणी हात लावायचा नाही. आता बास करा, ताई.”

मी जागेवर आले. बावीस वर्षं मी गेम तपासते. माझं काम खोट काढण्याचं. एक गवताचं पातंसुद्धा मी स्वतः गेममध्ये ठेवू शकत नाही. मला फक्त तक्रार करता येते, आणि तीही आता संपली होती.

बाक सुताराचं. तो काही खरा सुतार नव्हता. गेममधली लाकडाची सगळी कामं तो करायचा, दारं, गाड्या, शिड्या, होड्या, म्हणून आम्ही त्याला सुतार म्हणायचो. मी नोकरीला लागले तेव्हा पहिला बग टाकला तो त्याच्या बाकावरच. ‘बाकाचे पाय जमिनीत दोन बोटं रुतले आहेत.’ त्यानं खाली लिहिलं, ‘जुनं बाक आहे. माणूस बसून बसून रुतणारच. डिझाइननुसार.’ मी तरातरा भांडायला गेले. तिथं जमीनवाली आधीच भांडत होती. जमीनवाली म्हणजे गेममधली माती, चिखल, गवत, खडी करणारी. तिची खुर्ची सुताराच्या शेजारी.

“माझ्या मातीला भोकं पाडतोस आणि वर तोंड करून डिझाइन म्हणतोस?”

हे भांडण पाच भाग पुरलं. नवा भाग आला की ही ओरडायची, “रुतलं बघ परत!” आणि तो खुर्चीत बसल्याबसल्या टाचा घाशीत हसायचा. टाचा घासायची त्याला खोडच होती. त्याच्या टेबलाखालच्या गालिच्याला दोन टकलं पडली होती, ती आजही आहेत.

पहिल्या भागात त्या बाकावर एक म्हातारा बसलेला असायचा. त्याच्याशी बोलायला गेलं की एकच वाक्य म्हणायचा, “तुम्ही व्हा पुढे. मी बसलोय.” ना काम सांगणार, ना बक्षीस देणार. दुसऱ्या भागात तोच म्हातारा, तेच वाक्य, शेजारी टेकवलेली छत्री. तिसऱ्यात नुसती छत्री. चौथ्यात सगळ्या मुलुखावर बर्फ, बाकावरही बर्फ. एका माणसापुरती जागा तेवढी कोरडी. पाचव्यात बाकाचा एक पाय मोडलेला, त्या जागी नव्या लाकडाचा जाडसर पाय ठोकलेला. बास, एवढंच.

हे बाक कुठून आलं ते मला आणि जमीनवालीला ठाऊक होतं. सुताराची बायको, आमच्या वहिनी, नर्स. कामाची पाळी संपायची सातला, पण एखादा पेशंट अडला की आठ कधी वाजले कळायचं नाही. सुतार ऑफिसातून सुटला की हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसायचा. वहिनी वरच्या खिडकीतून हातानं खुणावायच्या, अजून वेळ आहे. हा खालून म्हणायचा, “होऊ दे तुझं. मी बसलोय.” अशी पंचवीस वर्षं.

गेल्या हिवाळ्यात सुतार गेला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. सहावा भाग तेव्हा अर्ध्यावर होता.

आणि मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. “अगं, मी ते खेळायचं मशीन आणलंय. आयुष्यभर म्हणत होते, एकदा खेळून तर बघ. मला कधी सवड झाली नाही. आता सवडच सवड आहे. नव्या भागात आहे ना गं त्यांचं बाक?”

“आहे तर! नसायला काय झालं?” मी म्हणाले.

बावीस वर्षांत न तपासता मी एक शब्द बोललेली नाही, आणि बोलले ती नेमकी इथं. मला वाटलं, यादी असो नसो, सुतार थोडाच कुणाला विचारून ठेवणारा! जाण्याआधी ठेवलं असेल. पुलाचं पलीकडचं टोक मी तोवर पाहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि पूल गाठला. पलीकडे सपाट माती आणि गवत. पुलाचं लाकूडकाम सुरू होण्याआधीच तो गेला होता.

गुरुवारी मी जमीनवालीकडे गेले. वहिनींचा फोन, माझी थाप, सगळं सांगितलं. “तू ठेव ना एक बाक. जुन्या भागातलं उचलून ठेव.”

“नवी वस्तू मंजुरीशिवाय आत जातच नाही. तुला काय आज कळतंय हे?” तिनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. “आणि मला नकोच ते बाक. भोकं पाडून ठेवली माझ्या मातीला.”

माझं डोकंच फिरलं. “माणूस गेला तरी तुझं भांडण संपत नाही? धन्य आहे बाई तुझी!”

तिनं चष्मा पुसला, परत घातला आणि गवत करत राहिली. मी मनात तिला नाही नाही ते बोलले.

शुक्रवारी दुपारी गेमची शेवटची आवृत्ती आमच्याकडे तपासायला आली. अर्ध्या तासात माझ्या हाताखालच्या टेस्टरनं बग टाकला. ‘पूर्वेकडचा पूल, पलीकडचं टोक. जमिनीत चार खड्डे, पुढे दोन घासलेले पट्टे. कालपर्यंत नव्हते. कारण कळत नाही.’

मी लगेच गेम उघडला. वाटसरूला घेऊन पळत सुटले, बाजार ओलांडला, पूल ओलांडला, डावीकडे वळले.

चार खड्डे होते. बरोब्बर दोन बोटं खोल. त्यातला मागचा एक बाकीच्यांपेक्षा रुंद, जाड पायाचा. आणि पुढे गवतात दोन उघडेबोडके पट्टे, टाचेएवढे रुंद, घासून घासून गुळगुळीत झालेले.

मी मान वळवून पाहिलं. जमीनवाली माझ्याकडे पाठ करून बसली होती. समोर स्क्रीनवर गवताचा एक चौकोन होता आणि ती तो नुसती बघत होती. मातीला मंजुरी लागत नाही. माती तिची.

पण माझं काय? शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता बदललेली गोष्ट पास करायची नाही, हा नियम ऑफिसात मीच घालून दिलेला. त्यावरून मी भल्याभल्यांना रडवलंय. तेवढ्यात लीड स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

“ते खड्ड्यांचं काय, ताई? जुनी जमीन परत लावायला अजून वेळ आहे. तुम्ही म्हणाल तसं.”

मी त्याच्यादेखतच लिहिलं. ‘तपासलं. डिझाइननुसार आहे. बंद.’

त्यानं वाकून वाचलं. “कुणाचं डिझाइन?”

“सुताराचं.”

त्यानं भिंतीवरच्या यादीकडे एकदा पाहिलं. मग “बरं,” म्हणाला आणि कुलूप लावायला गेला.

घरी जाताना मी जमीनवालीच्या खुर्चीपाशी थांबले. माफी मागायची होती, पण ती आम्हा दोघींना जमत नाही. “रुतलं बघ परत,” मी म्हणाले.

“जा गं, जा,” ती म्हणाली. नाक लाल झालं होतं तिचं.

गेम बाजारात आला त्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे गेले. त्या तयारच होत्या, चष्मा लावून, कंट्रोलर मांडीवर घेऊन. मी म्हटलं, आणा इकडे, मी नेते पुलापर्यंत. तर म्हणे, “वा! मी खेळणार आणि तू शिकवणार.” तीस वर्षं लोकांच्या शिरा अचूक शोधलेले ते हात, पण वाटसरू त्यांचं काही ऐकेना. भिंतीवर आपटला, तळ्यात पडला, एकशिंगी बकरीनं दोनदा ढुशी मारून उताणा पाडला. “मेली बकरी!” वहिनी म्हणाल्या. “हिला कुणी आवरत कसं नाही?” दहा मिनिटांच्या वाटेला दोन तास लागले. वाटेत मी चारदा सांगायला तोंड उघडलं आणि चारदा मिटलं.

पूल आला. वहिनींनी तो जपून ओलांडला, अगदी मधून. आता बोलणं भागच होतं.

“वहिनी, बाक नाहीये. मी न बघताच हो म्हणाले तुम्हाला. नंतर धडपड केली, पण नाही जमलं. चुकले मी.”

 त्यांनी वाटसरूला डावीकडे वळवलं आणि थांबवलं.

“हे काय आहे?”

“बाकाच्या पायांच्या खुणा. तेवढ्याच ठेवता आल्या. आमच्या जमीनवालीनं ठेवल्या.”

“ते कळलं मला. हे पुढचं काय?” त्या उठल्या, स्क्रीनपाशी गेल्या आणि त्या दोन पट्ट्यांवर बोट टेकवलं. मग एकदम म्हणाल्या, “अगं बाई, टाचा!”

मी मान हलवली. 

“सगळ्या चपला टाचेकडूनच झिजायच्या त्यांच्या. किती बोलायचे मी त्यावरून.” त्या परत येऊन बसल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाल्या, “ह्याला खाली बसवता येतं का गं?”

“उजवीकडचं गोल बटण दाबा.”

त्यांनी दाबलं. वाटसरू पाठीवरचं गाठोडं उतरवून चार खड्ड्यांच्या मधोमध मातीवर बसला. पलीकडे नदी वाहत होती, पुलावरून बाजारची माणसं येत-जात होती. वहिनींनी कंट्रोलर अलगद मांडीवर ठेवला आणि पाठ टेकली.

“जेवायची वेळ झाली वहिनी,” मी थोड्या वेळानं म्हणाले. “आज पुरे करू या का?”

“तू हो पुढे,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय.”

मी पर्स घेतली, दाराशी चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.