तानीच्या नावाचं पान

डोहातले मासे धरले की वाडीत पळसाची पानं मांडतात. माणशी एक. म्हाताऱ्याला पान, पाळण्यातल्याला पान, पोटातल्या जिवालाही पान. वाटे घालणारा जैतूबाबा पानापानावर मासे टाकत गुणगुणतो,

‘डोह दिला देवानं, वाटा केला हातानं,
पोटातल्या जिवाला पान मांडा मानानं.’

हिरी याच रीतीत वाढली, याच रीतीत इथं नांदायला आली.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मुंबईहून डॉक्टरीणबाई आल्या. वाडीतल्या बऱ्याच पोरांच्या रक्तात खोट निघाली होती. हाडं अशी ठणकायची की पोरं रात्ररात्र कण्हायची. हिरीची तानी त्यांतलीच, आणि तिच्या जावेचा, भिमीचा बुधूही. बाईंनी आयांना समोर बसवून उघड सांगितलं : औषध नवं आहे. अर्ध्या पोरांच्या डबीत त्याच्या गोळ्या, अर्ध्यांच्या डबीत दिसायला तशाच, पण नुसत्या खडूच्या. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नाही.

“खडू कशापायी वो बाई?” भिमीनं विचारलं. “पोरांना पाटीवर लिवायचंय?”

बाया हसल्या. बाईही हसल्या. “दोघांत फरक दिसला, तरच औषध खरं ठरेल. मग सगळ्यांना मिळेल. फुकट, मोठी होईपर्यंत.”

पाऊस सरता सरता तानी तरारली, बांधाबांधानं खेकड्यांमागे पळू लागली. बुधू ओटीवर पडून तिचं पळणं बघायचा. भिमी बोलत नसे. पाणवठ्यावर हिरी आली की अर्धा हंडा घेऊन चालू लागायची. एक दिवस मात्र बोललीच.

“तुझ्या पोरीच्या पानावर मासा, माझ्या पोराच्या पानावर काटा. खा गो, सुखानं खा.”

हिरीला घास उतरेना. तिनं तानीची डबी सुपात ओतली, भिमीला बुधूची ओतायला लावली. बघून बाकीच्या आयाही आल्या. औषध आणि खडू एकात एक मिसळले. हिरीनंच पानं मांडली, सारखे वाटे घातले. भिमी तिच्या गळ्यात पडून रडली. आपल्या हातून याहून चांगलं काही झालं नाही, असं हिरीला त्या दिवशी वाटलं.

पौषात म्हशाची जत्रा उठली आणि बाई परत आल्या. पोरांचं रक्त तपासून झालं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. “औषधवाली नि खडूवाली पोरं सारखीच. औषधाला गुण नाही. काम बंद.”

“गुण हाय बाई,” हिरी पुढं झाली. “आमी वाटून दिलं.” तिनं सुपाचं सगळं सांगितलं. “परत द्या. आता नाय वाटणार.”

बाईंनी वही मिटली. “मग इथलं काहीच हिशेबात धरता येणार नाही,” एवढंच म्हणून त्या जीपमध्ये बसल्या.

माघात नर्स मीना बातमी घेऊन आली. शहापूरकडच्या वाड्यांत तेच औषध खरं ठरलं होतं. तिथल्या सगळ्या पोरांना मिळू लागलं होतं.

“आणि आमच्या?”

“तिथल्या आया सांगितल्यासारख्या वागल्या. औषध त्यांच्यापुरतंच आलंय.”

वाडीनं हिरीकडे पाठ फिरवली. भिमीनं तर तोंडावर विचारलं, “तुला कुणी सांगितलं होतं गो, पुण्य करायला?”

तानीचं ठणकणं परत आलं, पहिल्यापेक्षा वाईट. “आये, माझ्या गोळ्या कुठं हायत?” असं ती विचारत राहिली. शिमग्याआधी विचारायची थांबली.

उन्हाळ्यात डोह आटला. मासे धरले, पानं मांडली. जैतूबाबानं सवयीनं हिरीच्या दारची तीन पानं मांडली : हिरी, तिचा नवरा मंगळू आणि तानी. तिन्हींवर मासे पडले. हिरीला तानीचं पान तसंच राहायला हवं होतं.

बुधूला कडेवर घेऊन भिमी वाकली, बोट दाखवून म्हणाली, “बाबा, यांच्यात दोनच माणसं हायत.”

म्हातारा चुटपुटला. मग त्यानं तिसऱ्या पानावरचे मासे उचलून सुपात टाकले, आणि गुणगुणत सगळ्यांना सारखे वाटले.