कोन सर

"चमचा," सर म्हणाले.

त्यांच्या बायकोने चमचा पुढे केला. सरांनी जोरात मान हलवली. "नाही! चमचा!" आणि गाल फुगवून हवेत फुंकर मारली.

"फुगे होय? अहो, पिशवीत टाकलेत कधीचे. लहान आणि मोठे, दोन्ही."

सर समाधानाने खुर्चीत टेकले. मेंदूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा केला होता आणि शब्दांची पार सरमिसळ केली होती. डोकं पूर्वीसारखंच लख्ख, पण मनात एक यायचं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. बायको इस्पितळात नर्स. सगळी वसाहत तिला सिस्टरच म्हणायची. असे रुग्ण तिने कितीतरी पाहिले होते, पण घरातलं माणूस शब्दासाठी चाचपडताना पाहणं वेगळं.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. रेणूंचे आकार हा त्यांचा जीव की प्राण. कुठल्याही रेणूचं नाव काढा, सर त्याचा कोन विचारणार. म्हणून कॉलेजात ते 'कोन सर'. दरवर्षी नवी मुलं विचारायची, "कोण सर?" आणि जुनी सांगायची, "कोन सर!" हा विनोद सरांना ठाऊक होता आणि मनातून आवडायचाही.

रजा संपत आली होती. प्राचार्य बाईंनी एक तास घेऊन पाहायला सांगितलं होतं. सिस्टरचा जीव खालीवर होत होता. "मुलं ती मुलंच. हसतील हो. कशाला हसं करून घ्यायचं? आणखी थोडं थांबू या."

"जाणार," सर म्हणाले. हा शब्द मात्र अजिबात चुकला नाही.

वर्गात प्राचार्य बाई दाराजवळ बसल्या, सिस्टर शेवटच्या बाकावर. सरांनी डाव्या हाताने फळ्यावर एक कार्बन आणि चार हायड्रोजन लिहिले. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं. मग वळून ते म्हणाले, "मैदान."

त्यांना मिथेन म्हणायचं होतं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सिस्टरने पदराचं टोक मुठीत आवळलं. पूर्वीचे सर असते तर खडू फेकून मारला असता. आताचे सर थांबले. हसू ओसरेपर्यंत शांत उभे राहिले आणि मग हसणाऱ्यांपैकीच एका मुलाला बोट करून पुढे बोलावलं. आकार काढ, अशी खूण केली.

मुलाने बेरजेची खूण काढली. मधे कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन.

सरांनी पिशवी उघडली. मुलांनी चार लहान फुगे फुगवले आणि त्यांची तोंडं एकत्र बांधली. आता हे टेबलावर सपाट बसव, अशी सरांनी त्या मुलाला खूण केली. त्याने फुगे दाबून बेरजेसारखे बसवले. हात काढला, तर एक फुगा टुणकन वर उसळला. पुन्हा दाबले, पुन्हा उसळला. वर्ग हसला, पण आता कुणी सरांना हसत नव्हतं.

"जागा," सर म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "प्रत्येकाला... जागा."

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना ढकलतात. कागदावर सपाट बसवल्या तर दाटी होते. वर-खाली पसरल्या तर जास्त लांब राहता येतं. बरोबर ना, सर?"

सरांनी डाव्या तळव्याने टेबलावर थाप मारली. त्यांची शाबासकी ती.

मग त्यांनी फळ्यावर अमोनिया काढला: एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. एक लहान फुगा सोडवून त्या जागी मोठा लाल फुगा बांधायला लावला. बाकीचे तीन फुगे एकमेकांकडे सरकले.

"ही एकाकी जोडी," चष्मेवाली म्हणाली.

"सर, जोडी आहे तर एकाकी कशी?" मागून कुणीतरी ओरडलं.

हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. सिस्टरलाही ते पाठ होतं. सरांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"अरे, तिला पलीकडून धरायला दुसरा अणू नाही," चष्मेवाली मागे वळून म्हणाली. "म्हणून ती ऐसपैस पसरते आणि बाकीच्यांना अंग चोरून बसावं लागतं."

सरांनी पुन्हा थाप मारली. मग फळ्यावर पाण्याचा रेणू काढला, मुद्दाम सरळ रेषेत: हायड्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन. नुसत्या भुवया उंचावल्या.

"चूक!" वर्ग ओरडला. "दोन एकाकी जोड्या आहेत, सर! वाकणार!"

फुगे बांधायच्या आधीच मुलांनी ओळखलं होतं. सिस्टरला वाटलं, उभं राहून सांगावं, हा माझा नवरा आहे.

तास संपल्यावर प्राचार्य बाई स्पष्टच बोलल्या. "सर, खोटी आशा दाखवणार नाही. बोर्डाचे वर्ग तुमच्या रजेत आलेल्या नव्या शिक्षकांकडेच राहतील. पण रेणूंचे आकार हा धडा सगळ्या तुकड्यांना तुम्हीच शिकवायचा."

एवढ्या मोठ्या विषयातला एक धडा. सिस्टर काही बोलणार, तोच सरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"धडा," ते ताठ उभे राहून म्हणाले, "माझा."

ते बसथांब्यावर आले, तेवढ्यात चष्मेवाली धापा टाकत मागून आली. "सर, पाच जोड्या असल्या तर? पाचांना सारखी जागा मिळेल अशी मांडणीच जमत नाहीये मला."

"सर दमलेत गं," सिस्टर सवयीने म्हणाली. "उद्या विचार हं."

"मी," सर म्हणाले.

सिस्टर बाजूला झाली. सर थांब्याच्या बाकावर बसले. मुलीच्या हातातली पेन्सिल त्यांनी उभी धरली, वरच्या टोकाला एक जोडी, खालच्या टोकाला एक, आणि पेन्सिलीच्या मधोमध मुलीला तीन बोटं तीन दिशांना पसरून धरायला लावली. मुलगी बोटं हलवून पाहू लागली, मग एकदम थांबली. "म्हणजे सगळ्यांच्या जागा सारख्या नसतातच!"

बस आली. वाहकाने दारातून डोकं बाहेर काढलं. "चढताय ना, बाई?"

"जाऊ द्या तुम्ही," सिस्टर म्हणाली. "सरांचा तास चालू आहे."