भिंती नसलेली इमारत

चौथ्या दिवशीही बिल्ड मेलं, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर काही बांधून होईना. पांढऱ्या ओळी भराभर पळत निम्म्यापर्यंत जायच्या आणि मग एक लाल ओळ येऊन बसायची, दारात कुत्रं बसावं तशी. तिला हाकलावं, परत कमांड द्यावी, की थोडं पुढे दुसरी बसलेली. सॉफ्टवेअर फुकटचं होतं. ते जुन्या लिनक्सवर लिहिलेलं, आमच्या मशीनवर नवं. लिहिणारे केव्हाच बरे पगार धरून पांगले असणार. निस्तरायला मी.

आमची कंपनी म्हणजे मालक, मालकांचा भाचा आणि मी. काम होतं एका वृद्धाश्रमाचं. प्रत्येक म्हाताऱ्याच्या गळ्यात एक बटण. ते दाबलं की भिंतींवर लावलेल्या बिनतारी डब्यांमधून उड्या मारत निरोप वर देखभाल करणाऱ्या मावशींच्या टेबलावर पोचणार आणि तिथे घंटी वाजणार. डबे कुठे ठोकायचे, ते आधी कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क मांडून बघायचं. यालाच सिम्युलेशन म्हणतात, आणि ते अडलेलं सॉफ्टवेअर त्यासाठीच.

हे काम मीच आणलं होतं. आश्रमाच्या तळघरात, अगदी शेवटच्या खोलीत, माझे वडील असतात. मी त्यांना तिथे ठेवलंय. 'ठेवलंय' म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. त्यांनी आधी एक आठवडा अंगावरून वारं गेलेला माणूस उचलून संडासला न्यावा, मग तोंड कुठल्या बाजूला वाकवायचं ते ठरवावं. गेल्या महिन्यात आबा पलंगावरून पडले आणि सकाळभर फरशीवर पडून राहिले. हाका मारत होते. वर कुणाला ऐकू गेल्या नाहीत. म्हणून हे बटण.

पाचव्या दिवशी रजा टाकून मी आबांना डॉक्टरकडे नेलं. परत कामावर आले तर भाचा खुर्चीत गोल गोल फिरत होता.

"झालं बिल्ड, ताई!"

"कसं केलंस रे?"

"जमवलं. तुम्ही आता नुसतं चालवा."

मी पुढे काही विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. पोराला मिठी मारावीशी वाटली. आश्रमाचा नकाशा घातला, डबे मांडले, चालवलं. प्रत्येक खोलीतून प्रत्येक निरोप पोचला. मालकांनी त्याच दुपारी रिपोर्ट पाठवला आणि माणसं डबे ठोकायला निघालीसुद्धा.

मला मात्र ते आकडे बघवेनात. शंभरातले शंभर. अहो, घरातल्या घरात फोन धरून लोक खिडकीपाशी जातात, "हॅलो, हॅलो" करत. आणि इथे तळघरातून सगळं पोचतंय?

दोन दिवस तसेच काढले; तोवर आश्रमात डबे ठोकून, बटणं वाटूनही झाली. मग बिल्डच्या शेवटी छापून येणारी यादी उघडली. कुठले भाग बांधले गेले, कुठले वगळले, ते त्यात असतं आणि ते कुणीही वाचत नाही. अगदी तळाशी एकच भाग वगळलेला होता. इमारती.

भिंत किती जाड, स्लॅब किती, त्यात निरोप किती मरतो, हे सगळं त्या भागात. आम्ही अख्खा आश्रम मोकळ्या मैदानात मांडला होता. नुसत्या खाटा आणि वर आभाळ.

"इमारतींचा भाग काढलास?" मी भाच्याला विचारलं.

"तोच तर अडत होता, ताई. बाकी सगळं चाललं ना?"

"बाकी काय राहिलं, गाढवा? हवा?"

याच पोराला मी मिठी मारायला निघाले होते.

जुना कंपायलर, म्हणजे कोड बांधणारा प्रोग्राम, शोधून नव्याच्या शेजारी बसवला, दोन फायली हातानं दुरुस्त केल्या आणि इमारतींसकट बिल्ड उभं केलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. चालवलं. आबांच्या खोलीतून एकही निरोप वर गेला नाही. एकही.

मग एकेक डबा हलवून बघत बसले. बघता बघता लक्षात आलं, की आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंच्या केबिनमधल्या डब्यातून काहीच जात नाही. तो नुसता बसून आहे. तोच उचलून जिन्याच्या वळणावर ठेवला, तर तळघर जागं झालं. शंभरातले शंभर नाही आले, पण आले.

मालकांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे न बघताच मान हलवली.

"केबिनमधला डबा हलणार नाही. बाई पाहुण्यांना तोच दाखवतात. हिरवा दिवा लागतो, लोक खूश होतात."

"साहेब, तो काहीच काम करत नाही."

"दिवा लागतो ना?"

"तळघरातलं एकही बटण पोचत नाहीये."

"रिपोर्ट गेलाय आपला. आता काय, चुकलो म्हणून पाय धरू त्यांचे? कुणी तक्रार केली तर बघू."

"फरशीवर पडलेला माणूस तक्रार कशी करणार?"

"तुझे वडील तिथे आहेत म्हणून तुला हे सुचतंय."

"म्हणूनच सुचतंय. तुमचे असते तर तुम्हालाही सुचलं असतं."

पिशवी उचलली आणि निघाले. मागून ते काहीतरी म्हणाले. नोकरीबद्दलच असणार.

आश्रमात आबा उशीला टेकून बसले होते. उजवा हात चांगला आहे, त्यात बटण धरलेलं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. झाला प्रकार त्यांना सांगितला, तसे तोंडाच्या शाबूत बाजूने हसले.

"म्हणजे ठमे, मी उभ्या आयुष्यात भिंती बांधल्या आणि तुम्ही एका दिवसात सगळ्या पाडल्या?"

"मी नाही पाडल्या. भाच्याने."

"खापर दुसऱ्यावर! लहानपणापासून तेच." मग बटणाकडे बघून म्हणाले, "तरीच. सकाळपासून दाबतोय. म्हटलं, मावशी रुसल्या."

"कशाला दाबत होतात?"

"पाणी सांडलं होतं. वाळलं आता."

आबांना बटण दाबत राहायला सांगून मी वर केबिनमध्ये गेले. बाई फोनवर होत्या, त्यांना फोन ठेवायला लावला. म्हटलं, चला मावशींच्या टेबलापाशी, खाली माझे वडील बटण दाबताहेत. दोघी उभ्या राहिलो. टेबल मुकं.

"रिपोर्टात तर सगळं पोचतंय," बाई म्हणाल्या.

"त्या रिपोर्टात तुमच्या इमारतीला भिंतीच नव्हत्या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही चुकलो. तुमच्या केबिनमधला डबा जिन्यात लावायचा आहे."

बाईंनी केबिनच्या दाराकडे बघितलं. "मग पाहुण्यांना काय दाखवू?"

"खाली फरशीवर पडलेला म्हातारा दाखवा."

बोलून गेले. आता ही बाई मला हाकलणार, असं वाटलं. त्या चिडल्या, कानापर्यंत लाल झाल्या, आणि मग खुर्चीत बसल्या. "शिडी स्टोअरमध्ये आहे," म्हणाल्या. "शिपाई सुटीवर आहे. तुम्हालाच चढावं लागेल."

चढले. डबा उतरवला, जिन्याच्या वळणावर ठोकला, विजेची वायर ओढली. हिरवा दिवा तिथेही तितकाच लागला. खिशातला फोन थरथरत होता. मालक. वाजू दिला.

खाली येऊन आबांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. "आता दाबा," एवढं म्हणायचं होतं. झोपेनं डोळे मिटले. कान उघडे राहिले, पण तोंड हलेना.

बटणाचा टक् आवाज आला. मग वर कुठेतरी घंटी, आणि जिन्यावरून सपातांची फटफट.

"काय हो आबा? काय झालं?" मावशींना धाप लागली होती.

"हळू बोला. हिच्या अंगावर काहीतरी घाला."

"एवढ्यासाठी पळवलंत मला?"

"मग कशासाठी पळवू? मी परत पडायची वाट बघू?"

मावशी पुटपुटत कपाटाकडे गेल्या. अंगावर काहीतरी जाड पडलं, त्याला फिनेलचा वास होता. फोन पुन्हा थरथरला. कुणीतरी तो माझ्या खिशातून काढला आणि बंद केला.