माझ्या टोकावरचा शेंदूर

मी एक जुना थर्मोकपल आहे. नाव अवघड वाटलं तर सोडून द्या, मित्रांनो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या कडक भाकरीच्या कारखान्यात मला सगळे 'काडी'च म्हणतात. करंगळीच्या पेराएवढं माझं टोक, बाकी सगळी तांब्याची बारीक नळी. भाकऱ्या कडक करायच्या गॅसभट्टीत, अगदी तळाशी, माझी जागा आहे.

दोन वेगळे धातू एका टोकाला जोडून मला घडवलं. भट्टीतली ज्योत ते टोक सतत तापवत असते. त्या धगीने माझ्यात चिमूटभर वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की मी गार पडतो आणि झडप आपोआप मिटते. एवढंच माझं काम. पण नऊ वर्षं ते मी इमानाने केलं. कितीदा तरी वाऱ्याने ज्योत विझली आणि मी गॅस अडवला. भाकऱ्या थापणाऱ्या शिवबाई तेवढ्या कुरकुरायच्या, "इजली की पुन्ना!" जे घडलंच नाही, त्याची शाबासकी कोण देणार?

माझं दुखणं सुरू झालं तेही कौतुकातून. गेल्या खंडेनवमीला मालक सिद्धाराम यांनी भट्टीची पूजा केली. खालचं झाकण उघडून, मोठ्या भक्तीने, त्यांनी माझ्या टोकालाही तेलात कालवलेला शेंदूर फासला. तेल जळलं, त्यावर पीठ बसलं आणि टोकावर काळी खपली धरली. मला धग लागेना. ज्योत पेटलेली असतानाही झडप मिटू लागली.

"काडी लई नाटकं करायलीय," म्हणत मालकांनी गॅसचं बटण दाबलं आणि चादरीच्या किनारीची चिंधी घेऊन ते तसंच आवळून बांधलं.

"मालक, मिस्तरीला बोलवा की," शिवबाई म्हणाल्या.

"दिवाळीची आर्डर हाय. मग बघू."

बटण दाबलेलं असेपर्यंत झडप उघडीच राहते; आता ती माझं ऐकेना. मला फार भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी दुपारी शिवबाई बाहेर जेवायला बसल्या असताना ज्योत विझली. मी गार पडलो, पण झडप मिटली नाही. गॅस वाहतच राहिला. शिवबाईंना सर्दी झाली होती. आत आल्यावर त्यांना वास आला नाही. त्यांनी वाकून लायटर दाबला आणि भडका उडाला.

जीव वाचला. दोन्ही हात भाजले.

मोहोळचे येडू मिस्तरी आले. त्यांनी चिंधी कापली, मला काढलं आणि पॉलिश पेपरने माझं टोक घासून परत बसवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. "काडी चांगली हाय मालक. तवाच नुसती पुसली असती, तर बाई भाजली नसती."

शिवबाईंना मात्र मालकांनी वेगळंच सांगितलं: काडी खराब निघाली.

दोन महिन्यांनी त्या कामावर आल्या. बोटं आखडली आहेत, भाकरी थापता येत नाही. आता त्या पुड्यांना लेबलं चिकटवतात. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, "नऊ वर्सं तुज्यावर इस्वास ठिवला. का गं असं केलंस?"

मित्रांनो, मला तोंड नाही. तुमच्याकडे गॅसची ज्योत सारखी विझत असेल, तर बटण बांधून ठेवू नका. जाणत्या माणसाकडून काडी साफ करून घ्या. आणि कधी या रस्त्याने गेलात, तर शिवबाईंना एवढं सांगा, की त्या दुपारीही मी वेळेवर गार पडलो होतो.