मास्तरांचा दगड आणि गुंडी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. आता तुम्ही म्हणाल, दगडात कसलं आलंय जुनं आणि नवं! खरं आहे. नदीत होतो तेव्हा मलाही वय नव्हतं. पाणी यायचं, अंगावरून हात फिरवायचं आणि पुढे जायचं. माझे सगळे कोपरे त्या पाण्याने नेले, कधी नेले ते मला कळलंही नाही. माझं वय सुरू झालं ते एका शिंप्याच्या हातात पडल्यापासून.

तो तेव्हा तरुण होता, नुकतंच लग्न झालेला. दोघं नदीवर फिरायला आली होती. बायको पाण्यात पाय सोडून बसली आणि हा गडी काठावरचे दगड उचलून बघत सुटला. एक उचलायचा, तळहातावर तोलायचा, नाक मुरडून ठेवून द्यायचा. शेवटी ती म्हणाली, "लोक बायकोला फुलं आणून देतात. तुम्ही दगड निवडा."

"अगं, बेतताना कापड सरकतं ना," तो म्हणाला. "खाली सपाट हवा, वर गुळगुळीत. कापडाला ओरखडा नाही गेला पाहिजे."

त्या परीक्षेत मी पास झालो. आयुष्यातली माझी ती एकमेव परीक्षा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातून आत आलं की आधी कापड बेतायचं टेबल, त्यापलीकडे शिलाई मशीन, आणि मशीनच्या समोर भिंतीवर माणसाएवढा आरसा. गिऱ्हाईक त्या आरशापुढे उभं राहून पुढून-मागून स्वतःला न्याहाळायचं. शिंपी दाराकडे पाठ करून बसायचा, पण आरशामुळे कोण आलं, कोण गेलं, हे त्याला मान न वळवता दिसायचं. हळूहळू सगळे त्याला मास्तर म्हणू लागले.

माझी जागा टेबलावर. रेशीम असो की गोणपाट, मी बसलो की कापड हलायचं नाही. खडूच्या भुकटीने माझं अंग कायम पांढुरकं असायचं. इस्त्री माझ्याशेजारी टेकवलेली असायची, त्यामुळे मी कोमटही असायचो. माझं कौतुक कुणी केलं नाही. दगडाचं कोण करतं? पण मी जागेवर नसलो की मास्तर अख्खं दुकान डोक्यावर घ्यायचे, आणि मित्रांनो, ते कौतुकाहून कमी नसतं.

वर्षं गेली. फुलांवरून टोमणा मारणारी ती माउली आजारी पडली आणि गेली. मास्तर आणि त्यांची लेक अशी दोघंच राहिली. त्याच सुमाराला चिंध्यांच्या पिशवीत मांजराचं एक पिल्लू सापडलं. सगळं अंग पांढरं आणि एकाच डोळ्याभोवती काळा वाटोळा डाग, जणू कुणी बटण टाकलंय. बटणाला जुनी माणसं गुंडी म्हणतात. म्हणून ती गुंडी.

गुंडीने मला उशी केलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण तिला ते कुणी सांगितलं नसावं. इस्त्रीच्या उबेने कोमट झालेल्या माझ्या पाठीवर हनुवटी ठेवून ती दिवसभर झोपायची. मास्तर टाके घालता घालता मान वर करून विचारायचे, "काय गुंडाबाई, कॉलर बसली का?" तिने एक डोळा उघडला, तर बसली. जांभई दिली, तर उसवायची. लोक हसायचे. पण मला पक्कं ठाऊक आहे, जांभईनंतर मास्तर खरोखर उसवायचे.

एका सकाळी तिची हनुवटी माझ्यावर होती, आणि श्वास नव्हता.

मास्तरांनी मखमलीचा चांगला तुकडा काढला, तिला त्यात गुंडाळलं आणि मागच्या अंगणात नेलं. परत आल्यावर त्यांनी एक चादर घेतली आणि आरशावर टांगली.

"मास्तर, आरसा का झाकलाय?" गिऱ्हाइकं विचारायची. "आता काय तुमच्या डोळ्यांत बघून ठरवू, झगा कसा दिसतोय ते?"

"काच तडकलीय," मास्तर म्हणायचे.

काच तडकली नव्हती. मला माहीत होतं, लेकीलाही माहीत होतं. का झाकलाय, ते मात्र आम्हा दोघांनाही उमजेना. मग मास्तर नवी कापडं परत पाठवू लागले. मशीनवर धूळ बसली. एका दुपारी ते लेकीला म्हणाले, "दुकान बंद करावं म्हणतोय. हात चालत नाहीत आता."

दुसऱ्या दिवशी मास्तर आंघोळीला गेले तशी लेकीने मला पिशवीत टाकलं आणि जिना चढून वरच्या काकूंकडे नेलं.

या काकू जनावरांची चित्रं काढायच्या. कागदावर नाही हं! कागद त्यांना पुळचट वाटायचा. त्यांच्या खोलीत लाकडाच्या गोल चकतीवर एक कुत्रा होता. त्या लाकडाची भेग नेमकी त्याच्या जिभेच्या जागी आणली होती. वाळक्या दुधीवर गाय होती, पिसावर पोपट होता आणि एका शिंपल्याच्या पोटात इवलंसं कासव. कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. आधी वस्तू हातात घेऊन बसायच्या, आणि तिच्यात कोण दडलंय ते दिसेपर्यंत रंगाची ट्यूब उघडायच्या नाहीत.

"हाच दगड हवा?" काकूंनी विचारलं.

"हाच. ती ह्याच्यावरच झोपायची. काकू, बाबा दुकान बंद करायला निघालेत हो. निदान ती टेबलावर दिसली तर..."

"बरं, बरं. फोटो आण."

"एकच आहे. फोन समोर धरला की पळायची ती." तिने फोटो पाठवला. त्यात नुसतं मांजर होतं, एक डोळा उघडून बघणारं.

"एवढाच? बाकीचा कुठंय?"

"बाकीच्यात मी आहे. भोपळ्यासारखी दिसतेय. मांजर तेवढं घ्या तुम्ही."

मित्रांनो, हा भोपळा लक्षात ठेवा.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असं म्हणतात. मांजरपण मात्र मऊ कुंचल्यानेही येतं. पण त्याआधी काकूंनी मला साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने असं घासलं की वर्षानुवर्षांचा खडू निघून गेला. मग खिडकीत वाळवलं. उरलेला खरखरीतपणा पॉलिशपेपरने काढला. मग पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. त्याला अस्तर म्हणतात. शिंप्याच्या घरचा मी, मला अस्तर माहीत होतं. पण आमच्याकडे ते आतून लावतात!

त्यावर ॲक्रिलिकचे रंग. हे रंग भलते घाईचे. कुंचला जरा बाजूला ठेवला की वाळून बसतात. म्हणून काकू थोडाथोडाच रंग काढून घ्यायच्या. आधी करडी सावली, त्यावर फिकट करडा, त्यावर पांढरा, आणि मग सर्वांत बारीक कुंचल्याने एकेक केस. माझ्या पाठीच्या उंचवट्याचा त्यांनी गुंडीचा खांदा केला. कडेला एक खळगा होता, तिथे पंजा दुमडला.

"आज जेवण मिळणार आहे, की दगडच उकडणार आहेस?" काका दारातून डोकावले.

"दगडच. मीठ तेवढं तुम्ही घाला," काकू मान न उचलता म्हणाल्या.

शेवटी डोळा. काळ्या डागाच्या मधोमध हिरवट डोळा, आणि त्यात टाचणीच्या टोकाने ठेवलेला पांढरा ठिपका. तो ठिपका पडला आणि मला खऱ्या डोळ्याने जगाकडे बघता आलं; तोवर सगळं अंगानेच जाणायचो. खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या.

लेक बघायला आली. आधी तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. डोळे भरून आले. मग हळूहळू हात खाली आले आणि कपाळाला आठी पडली.

"काकू, तिचा उजवा डोळा काळा होता. तुम्ही डावा केलात."

"छे! फोटोत बघ ना."

फोटोत डावाच होता. मग काकू म्हणाल्या, "अख्खा फोटो दाखव बरं. भोपळ्यासकट."

लेकीने दाखवला. ती नव्या ड्रेसमध्ये उभी होती, मागे टेबलावर गुंडी, आणि कडेला मास्तर, गळ्यात टेप. काकूंनी चष्मा सारखा केला. "ह्या टेपवरचे आकडे उलटे का गं?"

"ड्रेस दाखवायला आरशातून काढला होता ना फोटो..." लेकीचा आवाज विरत गेला.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी आरशातलं मांजर काढलं!"

"बाबांना हे कसं दाखवू? रोज बघितलंय त्यांनी तिला. त्यांना वाटेल, आम्हाला तिचा डोळासुद्धा आठवत नाही."

काकूंनी सुस्कारा सोडला. "पुसता येत नाही हा रंग. वरून पुन्हा अस्तर द्यायचं आणि नव्याने सुरू करायचं." त्यांनी रुंद कुंचला घेतला आणि पांढऱ्या रंगात बुडवला. माझ्या काळजाचं पाणी झालं. दगडाला काळीज असतं का, तो वाद बाजूला ठेवा. नुकतं कुठे दिसू लागलं होतं हो मला!

तेवढ्यात दाराशी धापा टाकण्याचा आवाज आला.

"वहिनी, माझा दगड बघितलात का कुठे? एकच काम उरलंय, त्याचंही कापड सरकतंय, आणि ही पोरगी..." मास्तर बोलता बोलता थांबले.

त्यांनी मला पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही बघू नका, चुकलंय ते!" लेक मध्ये आली. "आम्ही पुन्हा काढतोय. डोळा चुकलाय. उजवा हवा होता."

मास्तरांनी तिला हाताने बाजूला केलं. काकूंचा कुंचला धरलेला हातही अलगद बाजूला सारला. "कोण म्हणतं चुकलंय? हीच तर गुंडी. अशीच बघायची माझ्याकडे."

"अहो बाबा, उजवा होता! मी काय तिला ओळखत नाही?"

मास्तरांनी मला उचललं आणि सरळ जिना उतरू लागले.

"मास्तर, वार्निश राहिलंय अजून! हात लावू नका पाठीला!" काकू कुंचल्यासकट मागे धावल्या, त्यांच्यामागे लेक.

दुकानात येऊन मास्तर आपल्या स्टुलावर बसले. एका हाताने त्यांनी आरशावरची चादर ओढून काढली. मग माझं तोंड आरशाकडे केलं आणि लेकीला म्हणाले, "बघ, ही तुझी."

आरशात गुंडी होती. काळा डाग उजव्या डोळ्यावर.

मग त्यांनी मला स्वतःकडे वळवलं. "आणि ही माझी. मी इथं मशीनवर, ती मागे टेबलावर. मान वळवून तिला कधी बघितलं मी? बेतायला उठलो की कात्री बघून ती पळायची. बाकी दिवसभर मी मान वर करायचो, आणि ती ह्या काचेत असायची."

लेकीने खाली पडलेली चादर उचलली. मग म्हणाली, "म्हणून झाकला होता आरसा?"

"मान वर केली की रिकामं टेबल दिसायचं गं."

काकूंनी पदराने डोळे पुसले. पदराला पांढरा रंग लागला होता, त्यामुळे त्यांच्या भुवईला अस्तर बसलं. ते बघून आधी लेक हसली, मग मास्तर हसले. गुंडी गेल्यापासून त्या दुकानात हसण्याचा तो पहिला आवाज.

मित्रांनो, आता मी कापडावर बसत नाही. ते काम एका लोखंडी तुकड्याकडे गेलंय. मी मशीनच्या फळीवर, मास्तरांच्या समोर असतो. आरसा उघडा आहे, आणि दुकानही. एक बाई म्हणाल्या, "एवढं सुंदर चित्र, काचेच्या कपाटात ठेवा." मास्तर म्हणाले, "मांजर कधी कपाटात बसतं होय?" तरीही ऊन आणि पाणी मला सोसत नाही आता. नदीत जन्म काढलेल्या दगडाने हे म्हणावं, याचं मलाही हसू येतं. पण मऊ फडक्याने पुसणारा कुणी असला की माणूस काय, दगडही नाजूक होतो.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरात मांजर असेल, कुत्रा असेल, पिंजऱ्याबाहेरची एखादी चिमणी खिडकीत येत असेल, तर तिला आज नीट बघून ठेवा. तुमच्या जागेवरून ती कशी दिसते, ते बघा. शेजारच्याला ती वेगळी दिसेल, त्यावरून भांडू नका. आणि फोटो काढाल तेव्हा भोपळ्यासारखे दिसलात तरी स्वतःला कापू नका.

मास्तर आत्ताच एक कॉलर लावून थांबलेत. माझ्याकडे बघून विचारतायत, "काय गुंडाबाई, बसली का?"

मी दगड, मी काय बोलणार? पण काकूंनी माझा एक डोळा उघडा ठेवलाय. जांभई मला येत नाही. त्यामुळे हल्ली मास्तरांची प्रत्येक कॉलर बसते.