पिवळ्या पंजाचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. छपराचा, पन्हळी आणि आता चांगलाच गंजलेला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पत्र्याला काय सांगण्यासारखं असणार? तो उन्हात तापतो, पावसात वाजतो आणि एक दिवस भंगारात जातो. खरं आहे. पण माझ्यापायी एका घराचं दोनदा वाटोळं झालं. दोन्ही वेळा खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. निदान तुम्हाला तरी सांगू द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंड लाटून लाटून पातळ केलं, वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं आणि दाबून पन्हळी पाडल्या. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की हमाल माझ्याकडे डोळे बारीक करून बघत. मला त्याचा थोडा गर्वही होता. तो दुकानातच उतरला. मला घ्यायला आलेल्या माणसाने माझी चकाकी बघितलीच नाही. त्याने बोटांच्या चिमटीत धरून माझी जाडी बघितली, मान हलवली आणि हातगाडी बोलावली.

हा माणूस बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. घर लहानसं, खाडीपासून दोन गल्ल्या आत. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं आणि त्याच्या बरोब्बर वर मला हूक लावून आवळलं.

मात्र वर चढवण्याआधी एक काम झालं. त्या गल्लीची एक रीत होती. तिथे वारा पत्रे उडवायचाच, म्हणून प्रत्येक घराने आपल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला खूण करून ठेवलेली असे. कुणाची निळी रेघ, कुणाची फुली. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांची खूण म्हणजे काळं टायर. वादळ ओसरलं की ज्याच्या अंगणात पत्रा पडला असेल त्याने तो उलटून खूण बघायची आणि आधी तो ज्याचा त्याला पोचवायचा, मग स्वतःच्या घराकडे वळायचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीतलं एकही छप्पर उघडं राहत नसे.

आमच्या घराची खूण काय करायची यावर नवरा-बायकोची बराच वेळ घासाघीस चालली. तेवढ्यात त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीने पिवळ्या रंगाच्या डब्यात हात घातला आणि माझ्यावर थापला. झालं! तिची आई आधी ओरडली, मग हसत सुटली. तेव्हापासून मी पिवळ्या पंजाचा पत्रा.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. खाली मशीनची घरघर चालायची आणि वर मी. पाऊस पडला की मी असा काही गोंगाट करायचो की त्या माउलीला गिऱ्हाइकाची मापं ओरडून विचारावी लागत. "मेला हा पत्रा कानाचे पडदे फाडणार एक दिवस!" असं ती म्हणायची. पण दर पावसाळ्याआधी नवऱ्याला शिडी लावायला लावून माझे हूकही तीच तपासून घ्यायची. शिव्या घालणारं आणि काळजी करणारं माणूस एकच असतं, हे मी तिथे शिकलो.

एका वर्षी गल्लीत विमावाला आला. बाईंनी मशीन थांबवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"वहिनी, वाऱ्याचा विमा वेगळा आणि पुराचा वेगळा," तो म्हणाला.

"अहो, पण वादळ आलं की वारा आणि पाणी बरोबरच येतात ना?"

"येऊ देत. कंपनी त्यांना वेगळं बसवते. आणि हे बघा, वादळाची सूचना लागल्यावर धावत आलात तर काही उपयोग नाही. तेव्हा खिडकी बंद. पुराचा तर घेतल्यावरही महिन्याने लागू होतो."

दोन्ही विमे एकदम झेपणारे नव्हते. रात्री जेवताना नवरा-बायकोने विचार केला. पाणी आलं तर मशीन उचलून टेबलावर ठेवता येईल, पण छप्पर गेलं तर ठेवणार कुठे? म्हणून यंदा वाऱ्याचा घ्यायचा आणि पुराचा पुढच्या वर्षी. मला तो विचार तेव्हाही शहाणपणाचा वाटला आणि आजही वाटतो.

त्याच वर्षी वादळ आलं. सूचना होताच घरातल्यांनी मशीन टेबलावर चढवलं, गिऱ्हाइकांचे कपडे कपाटावर रचले आणि तिघं शाळेच्या इमारतीत गेली. मी मात्र जागेवर होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. आधी वारा आला. त्याने माझ्या कडेखाली बोटं घातली, एकेक हूक वाकवला आणि मला उचललं. त्या भगदाडातून पाऊस धबाधबा मशीनवर आणि कपड्यांवर कोसळला. खाडीचं पाणी नंतर घरात शिरलं, तेही घोट्याएवढं, आणि चिखल ठेवून निघून गेलं. टेबलापर्यंत ते पोचलंसुद्धा नव्हतं, हे परत जागेवर बसल्यावर भिंतीवरच्या रेघेवरून मला दिसलं. नुकसान केलं ते वाऱ्याने, मित्रांनो. हे मी शपथेवर सांगेन.

मी गॅरेजवाल्या काकांच्या अंगणात पडलो होतो. सकाळी त्यांनी मला उलटलं. "अरे, हा तर पिवळा पंजा!" त्यांच्या स्वतःच्या गॅरेजात चिखल होता, तरी त्यांनी आधी मला डोक्यावर घेतलं. घरची माणसं शाळेतून परत येईपर्यंत काकांनी आणि आणखी दोघांनी हूक ठोकून सरळ केले आणि मला जागेवर बसवलं. बाईंना रडू कोसळलं. "तुम्ही होतात म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या.

फोटो कुणी काढला नाही. वीज नव्हती, फोन मेलेले होते आणि खरं म्हणजे कुणाच्या मनातही आलं नाही.

आठवड्याने विमा कंपनीचे साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता. दिवसभर पडकी घरं बघून थकला होता. दाराशी त्याने बूट पुसले, पाणी मागून घेतलं. मग पुसायला जमिनीवर उतरवलेलं गंजलेलं मशीन आणि कुजलेले कपडे पाहिले, भिंतीवरची चिखलाची रेघ पाहिली आणि शेवटी वर माझ्याकडे पाहिलं.

"छप्पर तर शाबूत आहे."

"अहो, हा पत्रा उडाला होता," बाईंचा नवरा म्हणाला.

"कुठला?"

"हा काय, हा पंजाचा."

"हा तर जागेवर आहे!"

"आम्हीच आणून बसवला साहेब," काका पुढे होऊन म्हणाले. "माझ्या अंगणात पडला होता. पाणी घोट्याएवढंच होतं आणि मशीन टेबलावर."

साहेब कसनुसं हसले. "शेजाऱ्यांच्या तोंडी सांगण्यावर कंपनी पैसे देत नाही हो. मला इथे चिखल दिसतोय, वारा दिसत नाही. हे पुराचं नुकसान, आणि पुराचा विमा तुमच्याकडे नाही."

मी जीव तोडून वाजलो असतो, पण त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. माझ्या हुकांची भोकं फाकलेली होती, ती वर चढून बघितली असती तरी सगळं कळलं असतं. कुणी चढलं नाही.

काकांनी ते मनाला फार लावून घेतलं. "माझ्या हातानेच वहिनींचा घात झाला," असं ते येईल त्याला सांगत. मग गल्ली जमली आणि सर्वांनी ठरवलं की यापुढे साहेब येऊन बघेपर्यंत कुणी कुणाच्या पत्र्याला हात लावायचा नाही. मित्रांनो, हे लोक बिघडले नव्हते. बाईंवर आलं ते पुन्हा कुणावर येऊ नये, एवढ्या मायेनेच त्यांनी ती जुनी रीत मोडली.

बाईंनी दुसऱ्यांच्या दुकानात काजं-बटणं करून जुनं मशीन घेतलं आणि पुढच्या वर्षी दोन्ही विमे उतरवले. दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्याला पुन्हा वादळ आलं आणि पुन्हा मी उडालो. पुन्हा काकांचंच अंगण. पंजा वर करून मी पडलो होतो.

सकाळी काका बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं आणि सवयीने वाकले. त्यांची बोटं माझ्या कडेला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला, पँटला पुसला आणि मला वळसा घालून ते पुढे गेले. इतकी वर्षं उन्हातान्हात काढली, पण तसं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

या वेळी लेकीने उघड्या छपराचे फोटो काढले. बापाने ताडपत्री आणली, तेव्हा आई आडवी आली. "नको. झाकलं की पुन्हा म्हणतील, काही झालंच नाही. एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

पण साहेबांना घरं खूप होती आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. पातेली भरत होती, ओतली जात होती. खोलीची मागची भिंत मातीत रचलेल्या विटांची. ती पाणी पीत राहिली, फुगली आणि एका दुपारी बसकण मारल्यासारखी खाली आली. माणसं पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. मशीन भिंतीखाली गेलं आणि वरचं उरलेलं छप्परही कोसळलं.

साहेब आले तेव्हा लेकीने फोटो पुढे केले. त्यांनी ते सगळे बघितले. मग हळूच विचारलं, "फोटो निघाले होते ना? मग त्याच दिवशी झाकून का घेतलं नाही? नुकसान वाढू न देणं हे विमा घेणाऱ्याचं काम असतं. तशी अटच आहे. उडालेल्या पत्र्याचे मिळतील. भिंतीचे नाही."

"गेल्या वेळी झाकलं होतं साहेब," बाई म्हणाल्या. साहेब खाली बघत राहिले. ते तेच होते, गेल्या वेळचे.

एका पत्र्याच्या पैशांत घर उभं राहत नाही. ती तिघं मामाच्या गावी गेली. जाताना लेक काकांच्या अंगणाशी थांबली, तिने माझ्याकडे बघितलं, पण ती आत आली नाही. काका दार लावून घरात बसले होते.

आता मी काकांच्या जुन्या टायरांवर झाकण म्हणून पडलो आहे. हूक नाहीत, वर दोन दगड ठेवलेत. काकांनी मला पालथं टाकलंय, पंजा दिसणार नाही असं. गल्लीत आता पत्र्यांवर खुणा करत नाहीत. करून उपयोग तरी काय!

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. विमा वेळेत घ्या, अटी वाचून घ्या, आधी फोटो काढा आणि लगेच छप्पर झाका, हे सगळं मी सांगतो आणि ते खरंही आहे. पण ते सांगताना मला बरं वाटत नाही. ती माणसं बेफिकीर नव्हती. त्यांनी दोन्ही वेळा जीव लावून जे करायचं तेच केलं होतं.

आज सकाळपासून वारा वाढलाय. दगड हलू लागलेत. उद्या मी तुमच्या अंगणात पडलो, तर एवढंच करा. मला ओलांडून जाऊ नका. उलटून बघा. मला पोचवायला आता घर उरलेलं नाही, ते मला ठाऊक आहे. तरी उलटून बघा.