मी लाल झालो त्याची गोष्ट

मित्रांनो, माझ्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ गेली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष देऊ नका. बाकी मी अजून ठणठणीत आहे. सध्या माझा मुक्काम एका कार्यशाळेच्या चहाच्या खोलीत असतो आणि वेळ दाखवण्यापलीकडे मला काम उरलेले नाही. पण एके काळी मी याच कार्यशाळेचा डॅशबोर्ड होतो. काम कसे चालले आहे हे आकड्यांत आणि रंगांत मांडून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवणारा भिंतीवरचा मोठा पडदा म्हणजे डॅशबोर्ड. तेव्हा मला पाहिल्याशिवाय इथे कोणाचा दिवस सुरू होत नसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेवर काच, मध्ये केसाहून बारीक तारांचे जाळे आणि पाठीमागे दिव्यांची रांग. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पहिल्यांदा उजेड दिला. तिने माझ्यावर आधी लाल, मग हिरवा, मग निळा रंग भरून पाहिला आणि मी पास झालो. माझ्या भावंडांपैकी एक सिनेमे दाखवायला गेला. दुसरा विमानतळावर लागला आणि ऐटीत विमानांच्या वेळा सांगू लागला. माझे खोके मात्र उघडले ते चार टेबलांच्या एका खोलीत. समोर खणांचे एक लांबलचक कपाट आणि त्याला चिकटून काउंटर. मी मनातून चांगलाच खट्टू झालो.

या कार्यशाळेत कमी ऐकू येणाऱ्या माणसांची कानात घालायची यंत्रे दुरुस्त होत. सगळ्यात जुने कारागीर कायम कपाळावर भिंग लावून फिरत, म्हणून त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक यंत्र उघडले. आतला एक भाग तिळाएवढा होता. तो त्यांनी चिमट्याने उचलला, श्वास रोखून जागेवर बसवला आणि यंत्र समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानात घातले. ते गृहस्थ एकदम पंख्याकडे बघायला लागले. "हा एवढा आवाज करतो?" ते म्हणाले. मी थक्क झालो. तिळाएवढ्या वस्तूमुळे एका माणसाला सगळे जग परत मिळते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत! विमानतळावरच्या भावाचा वाटलेला हेवा त्याच दिवशी संपला.

माझे काम असे होते. दुरुस्तीला यंत्र आले की काउंटरवरची मावशी त्याची नोंद करी आणि त्या क्षणी त्या यंत्राचे घड्याळ चालू होई. मग उघडणे, साफ करणे, भाग बदलणे, तपासणे, अशा प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी बटण दाबत असे आणि ती खबर माझ्यापर्यंत येई. त्यातून मी तीन मोठे आकडे दाखवी. आज किती यंत्रे आली, दुरुस्त करून द्यायला सरासरी किती दिवस लागतात, आणि दुरुस्त केलेल्यांपैकी किती पुन्हा तक्रार घेऊन आली. यातला मधला आकडा म्हणजे राजा. दिवस कमी असले की तो हिरवा, वाढले की पिवळा, फारच वाढले की लालभडक.

कार्यशाळेचा सगळा भार जिच्यावर होता त्या मॅनेजरला सगळे नुसते 'बाई' म्हणत. बाई सकाळी आल्या की आधी माझी काच मऊ फडक्याने पुसत आणि मगच खुर्चीत बसत. पण त्या दिवसांत त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मुख्य कार्यालयाचे साहेब दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायला येत. सलग तीन आढाव्यांत मधला आकडा लाल दिसला की शाखा बंद, असा नियम होता. यंत्रे दूरच्या मोठ्या शहरात पाठवायची आणि इथल्या माणसांनी आपापली वाट धरायची. आमचे दोन आढावे लाल गेले होते. तिसऱ्याची तारीख जवळ येत होती.

मग कोणाच्या तरी लक्षात एक सोय आली. काही दुरुस्त्यांना ग्राहकाची परवानगी लागे. उदाहरणार्थ, कानात बसणारा तुकडा झिजला असेल तर तो विचारल्याशिवाय बदलायचा नाही. परवानगी येईपर्यंत ते यंत्र 'उत्तराची वाट' या सदरात टाकता येई आणि तेवढे दिवस त्याचे घड्याळ थांबे. नियम तसा रास्तच होता, कारण ग्राहकाने उशीर केला तर कारागिराचा काय दोष? मावशी इमानेइतबारे फोन करी. कोणी उचलला नाही की ते यंत्र त्याच्या डबीत घालून सगळ्यात खालच्या खणात ठेवी आणि बटण दाबून घड्याळ थांबवी.

आणि बघता बघता मी पिवळा झालो. मग एका सकाळी चक्क हिरवा झालो! मावशीने टाळ्या वाजवल्या, भिंगकाकांनी सगळ्यांना बिस्किटे वाटली आणि बाईंनी माझ्या चौकटीवर हलकेच थोपटले. माझ्यासोबत सगळ्यांनी फोटो काढला. माझी छाती अभिमानाने फुगली. माझ्या खालच्या कोपऱ्यात 'उत्तराची वाट' असा एक बारीकसा आकडा होता, तो रोज वाढत होता. पण त्याला रंग ठरवून दिलेला नव्हता आणि रंग नसलेल्या आकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आढाव्याला आठवडा उरला असताना एक आजी येऊन काउंटरसमोर बसल्या. गावातली सगळी मुले त्यांना ओळखत. शाळेसमोरच्या रस्त्यात 'थांबा' लिहिलेला गोल फलक धरून त्या गाड्या अडवत आणि मुलांना पलीकडे नेत. मुलांनी त्यांचे नावच थांबाआजी ठेवले होते.

"माझं मशीन झालं का गं?" त्यांनी इतक्या मोठ्याने विचारले की टेबलावरचे चिमटे दचकले असतील.

मावशीने त्यांचे यंत्र संगणकावर शोधले. 'उत्तराची वाट'. ती म्हणाली, "आजी, किती फोन केले तुम्हाला! तुम्ही उचलतच नाही."

आजी नुसत्या हसल्या आणि आपलेच सांगत राहिल्या. "शाळेनं सांगितलंय, मशीन कानात असेल तरच रस्त्यात उभं राहायचं. बरोबरच आहे त्यांचं. हॉर्न ऐकू यायला नको? तुम्ही म्हणाला होतात, फोन करू. मी रोज फोन समोर घेऊन बसते. पण तुमचा काही येत नाही बाई."

मावशी जरा फणकारली. "येत नाही? थांबा, तुमच्यासमोरच लावते." आणि तिने नंबर फिरवला.

आजींच्या पिशवीत फोन खणखणू लागला. बटणांचा जुना फोन होता तो, आवाज केवढा तरी मोठा. भिंगकाकांनी मान वर केली. बाई आपल्या खुर्चीतून उठल्या. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्या पिशवीवर खिळल्या होत्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन आजी मात्र शांतपणे माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

"हिरवा रंग किती छान दिसतो हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे सगळं ठीक चाललंय ना तुमचं?"

फोन वाजून वाजून थांबला. मग भिंगकाकांनी कपाळावरचे भिंग काढून टेबलावर ठेवले. "अहो," ते म्हणाले, "ज्यांचे कान आपल्या खणात पडलेत, त्यांनाच आपण फोन करतोय."

मावशीने हातातला फोन खाली ठेवला. बाईंनी खालचा खण ओढला. तो गच्च भरला होता, इतका की अर्ध्यावरच अडकला. डब्यांवर डब्या रचल्या होत्या आणि प्रत्येक डबीवर एक नाव होते.

"यातले किती जण फोन समोर घेऊन बसले असतील?" बाईंनी विचारले.

मावशी डोळे पुसत उठली. एका कागदावर तिने ठळक अक्षरांत लिहिले, 'कानात बसणारा तुकडा झिजलाय. बदलू का?' आणि तो आजींपुढे धरला.

"बदला की!" आजी म्हणाल्या. "यात विचारायचं काय?"

भिंगकाकांनी हातातले काम बाजूला सारले. आजींची डबी शोधली, तुकडा बदलला, यंत्र तपासले आणि स्वतः त्यांच्या कानात घातले. मावशीने पुन्हा नंबर फिरवला. या वेळी आजी एवढ्या दचकल्या की पिशवी पडता पडता राहिली. घाईघाईने त्यांनी फोन काढला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

दोन हात अंतरावर उभी असलेली मावशी फोनमध्ये म्हणाली, "आजी, तुमचं मशीन तयार आहे. घेऊन जा."

"अगं बाई, झालं? आलेच हं, आत्ता निघते!" असे म्हणून आजी खरोखरच उठल्या आणि दाराकडे वळल्या. मग त्यांनी मावशीकडे पाहिले, हातातल्या फोनकडे पाहिले आणि त्यांना जे हसू फुटले, ते हसू मी आजवर विसरलेलो नाही. मावशी हसत होती आणि रडतही होती. मित्रांनो, त्या वेळी माझ्या कोपऱ्यातला तो बारीकसा आकडा फक्त एकाने कमी झाला. एवढ्याशा बदलाच्या पोटात एवढे सगळे असते हे मला तोवर ठाऊकच नव्हते! मी नुसता भारावून गेलो.

आजी गेल्यावर बाई संगणकासमोर बसल्या. घड्याळ थांबवण्याची सोय काढून टाकण्याचे बटण त्यांच्या हातात होते.

"बाई, जरा दमानं घ्या," भिंगकाका म्हणाले. "आठवड्याचा तर प्रश्न आहे. आढावा होऊ दे, मग काढा. शाखाच राहिली नाही तर ही मशीनं दुरुस्त कोण करणार?"

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. या खोलीबाहेर त्यांनाही दुसरीकडे कोणी ठेवून घेणार नव्हते. बाईंनी अर्ध्यावर अडकलेल्या खणाकडे पाहिले.

"काका, तेवढ्या आठवड्यात यातल्या कुणी रस्ता ओलांडला आणि हॉर्न ऐकलाच नाही तर?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबले.

थांबवलेली सगळी घड्याळे एकदम चालू झाली. आधी देऊन झालेल्या यंत्रांचे वगळलेले दिवसही माझ्यात भराभर येऊन पडले आणि मधला राजा हिरव्याचा लाल झाला. बाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. स्वतःच्या हाताने स्वतःची वर्षानुवर्षांची जागा पणाला लावणारे माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खरे सांगतो, माझे दिवे थरथरले.

मग कामाला तोंड फुटले. मावशीने फोन बाजूला ठेवला आणि लेखी निरोप धाडायला सुरुवात केली. कोणाच्या मुलीला, कोणाच्या शेजाऱ्याला, कोणाच्या दुकानमालकाला. ज्यांचा ठावठिकाणा लागेना त्यांच्या घरी ती स्वतः जाऊन आली. भिंगकाकांची पाठ वाकली ती वाकलीच. आणि इथे एक अजब गोष्ट घडली. खणातले जुने यंत्र ग्राहकाच्या हाती पडले की त्याचे रखडलेले सगळे दिवस सरासरीत मिसळत. त्यामुळे ही माणसे जितके चांगले काम करत, तितका मी आणखी लाल होई. समोर एकेक जण येऊन बसत होता, कानात यंत्र घालून पावसापाण्याचे, पाखरांचे, नातवंडांचे बोलत होता, आणि त्यांच्या डोक्यावर मी निखाऱ्यासारखा पेटत होतो.

ठरल्या दिवशी साहेब आले. दारातच थबकले.

"बाई, हे काय? मागच्या आठवड्याच्या अहवालात तर हिरवं होतं!"

बाईंनी काही झाकून ठेवले नाही. फोनची गोष्ट सांगितली, बटणाची सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "हिरवं होतं, पण खरं नव्हतं. हे लाल खरं आहे. आता नियमाप्रमाणे काय करायचं ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग माझ्याकडे पाठ फिरवून ते कपाटापाशी गेले, खाली वाकले आणि त्यांनी तो खण ओढला. रिकामा खण खळकन पूर्ण बाहेर आला.

"सगळी गेली?"

"सगळी," मावशी म्हणाली. "काही तर मी घरी नेऊन दिली."

साहेब तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुख्य कार्यालयाला लावला. "प्रत्येक शाखेतल्या खालच्या खणात काय आहे ते मला आज सांगा," ते म्हणाले. "नाही, पडद्यावरचा आकडा नको. उघडून बघायला सांगा."

फोन ठेवून ते बाईंकडे वळले. "नियमाप्रमाणे ही शाखा मी बंद करायला हवी," ते म्हणाले. "पण ही बंद केली, तर त्या हिरव्या शाखा कोणत्या तोंडानं चालू ठेवू?"

भिंगकाकांनी कपाळावरचे भिंग डोळ्यांवर ओढले, कारण त्यांना डोळे लपवायला दुसरे काही सापडेना. शाखा राहिली. 'उत्तराची वाट' हा आकडा माझ्या कोपऱ्यातून निघून मधोमध आला, त्यालाही रंग मिळाला. पुढे कितीतरी महिन्यांनी मी पुन्हा हिरवा झालो. त्या दिवशी कोणी फोटो काढला नाही. बाईंनी नेहमीसारखी माझी काच पुसली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

मित्रांनो, तुमच्याही वाट्याला माझ्यासारखे पडदे येतील. गुण येतील, टक्के येतील, हिरव्या खुणा येतील. आम्हाला पुसा, जपा, आमच्याकडे बघून आनंदही माना. पण आम्हाला तेवढेच दिसते, जेवढे तुम्ही दाखवता. म्हणून या जुन्या पडद्याची एवढी विनंती ऐका. सगळे हिरवे दिसले ना, की जागेवरून उठा आणि स्वतःच्या हाताने सगळ्यात खालचा खण ओढून पाहा.